पेज, मीठ आणि घट्ट होणारे रक्त

भाईंदर पश्चिमेला वसईच्या खाडीकडे गेले की मिठागरांचे चौकोन दिसू लागतात. इमारती वाढल्या आणि बरीच आगरे ओस पडली, तरी बांधांच्या रेषा अजून ओळखू येतात. मिठाची रीत जुनी आहे. पाऊस सरला की बांध दुरुस्त करायचे, उधाणाच्या भरतीचे पाणी उघाडीतून आत घ्यायचे आणि एका खाचरातून दुसऱ्या खाचरात फिरवत उन्हाच्या हवाली करायचे. ऊन पाणी नेते आणि मीठ मागे राहते. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी उडत जाते तसतसे उरलेले पाणी जड आणि संथ होत जाते. या आगरांवर ज्यांच्या पिढ्या खपल्या, त्या आगरी समाजाचे नावच मुळी 'आगर' या शब्दावरून आले आहे.

हे चित्र प्रारंभी मांडण्याचे कारण असे, की या लेखाचा विषयही पाणी निघून गेल्यावर मागे काय उरते हाच आहे. फरक एवढाच, की ही घटना खाचरात नव्हे, तर तान्ह्या बाळाच्या शरीरात घडते. जुलाब-उलट्यांनी बाळ सुकते, टाळू खोल जाते, ओठ कोरडे पडतात, लघवी थांबते. हे सर्व डोळ्यांना दिसते. जे दिसत नाही ते असे : शरीरातले पाणी आणि मीठ आतड्यावाटे वाहून जाते, तांबड्या पेशी आणि प्रथिने मात्र रक्तातच राहतात, रक्त दाट होते आणि मूत्रपिंडातून बाहेर पडणाऱ्या शिरेत ते कधी कधी गोठते. आतड्याच्या आजारात मूत्रपिंड निकामी होण्याचा हा एक मार्ग आहे. तो वारंवार घडणारा नाही, पण घडला तर बाळाचे एक मूत्रपिंड कायमचे जाऊ शकते, दोन्हीकडे घडला तर प्राणही.

या गुठळीचा इतिहास वैद्यकाच्या ग्रंथात मूत्रपिंडाच्या प्रकरणात सापडतो. माझे म्हणणे असे आहे, की तो तिथला नाही. तो पाण्याचा इतिहास आहे, आणि त्याचे पहिले पान आपल्याच किनाऱ्यावर लिहिले गेले.

मोडशी

पटकीला मराठीत नावे अनेक : वाखा, महामारी, मोडशी. त्यांतल्या 'मोडशी'ने मोठा प्रवास केला. हा शब्द पोर्तुगीजांनी कोकण-गोव्यात ऐकला आणि त्याचे 'मोर्देशी' असे रूप केले. फ्रेंचांच्या कानांनी त्याचा 'मोर द शियां', म्हणजे 'कुत्र्याचे मरण', असा अर्थ लावला. मूळ शब्दात कुत्रा कुठेही नव्हता. होते ते फक्त शरीराचे मोडून पडणे.

गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ साली गोव्यातच छापलेल्या आपल्या संवादरूप ग्रंथात या आजाराचे वर्णन केले आहे. ओर्ताचा महाराष्ट्राशी संबंध जवळचा होता. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी त्याची ऊठबस होती आणि मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होते. त्याने टिपलेली लक्षणे आजच्या डॉक्टरालाही ओळखू येतील : हाताला न लागणारी नाडी, थंड पडलेली कातडी, जाळणारी तहान, खोल गेलेले डोळे, पायांत येणारे वांब. ही सारी पाणी गेल्याची चिन्हे आहेत.

पण अधिक मोलाची नोंद पुढे आहे. इथले लोक रोग्याला काय देतात हे सांगताना ओर्ता लिहितो, की मिरे आणि जिरे घालून तांदळाचे पाणी पाजतात, त्याला ते 'कांजी' म्हणतात. म्हणजे आपली पेज. त्याच रोग्याच्या पायांना डाग देण्याची चालही होती, म्हणजे त्या काळचे सगळेच उपाय शहाणपणाचे होते असे नाही. तरीही सुकत चाललेल्या माणसाच्या पोटात तांदळाचे पाणी घालणे हे पुढची चारशे वर्षे वैद्यकाला सुचलेल्या बहुतेक उपायांपेक्षा बरे होते. तांदळातली पिष्टे आतड्यात विरघळून साखर होतात आणि ती साखर मीठ व पाणी आत ओढून घेते. हे विज्ञानाला कळायला १९६० साल उजाडावे लागले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांगलादेशात तांदळाच्या पिठाचे क्षारजल करून पाहिले गेले, तेव्हा पटकीच्या रोग्यांचे जुलाब त्याने कमी होतात असेच आढळले.

१८१८चा पावसाळा

१८१७च्या ऑगस्टमध्ये बंगालमधल्या जसोर भागात पटकीची मोठी साथ उसळली. पेंढाऱ्यांविरुद्धच्या मोहिमेवर निघालेल्या लॉर्ड हेस्टिंग्जच्या छावणीत ती नोव्हेंबरात घुसली आणि सैन्याच्या पावलांनी दक्षिणेकडे सरकली. १८१८च्या जूनमध्ये दुसऱ्या बाजीरावाने शरणागती पत्करली. त्याच पावसाळ्यात दख्खन आणि मुंबई इलाखा पटकीने ग्रासला. मराठी मुलखाच्या स्मृतीत पेशवाईचा शेवट आणि ही साथ अशी एकमेकांना चिकटून आहेत. गावोगाव मरीआईचा गाडा शिवेबाहेर नेण्याची प्रथा आणि मुंबईच्या परिसरातली जरीमरीची देवळे या भीतीची आठवण आजही सांगतात.

मुंबई सरकारच्या वैद्यक मंडळाने इलाख्यातल्या डॉक्टरांचे अहवाल १८१९ साली छापून प्रसिद्ध केले. त्या काळचे युरोपीय उपचार ठराविक होते : शीर कापून रक्त काढणे, पाऱ्याचे कॅलोमेल, अफूचा अर्क. आणि रक्त काढताना एक अडचण जागोजागी येत असे. शीर कापली तरी रक्त वाहत नसे. ते काळपट, डांबरासारखे दाट, थेंबाथेंबाने येई. अनेक डॉक्टरांनी ही अडचण पाहिली, पण तिच्याकडे उपचारातला अडथळा म्हणून पाहिले. रक्त निघत नाही म्हणून कोमट पाण्याच्या टबात हात बुडवून ते काढण्याचा प्रयत्न होई. रक्त का निघत नाही, हा प्रश्न विचारला असता तर उत्तर समोरच होते : त्यात पाणीच उरलेले नव्हते. उलट कित्येक ठिकाणी रोग्याला पाणी देणे घातक समजले जाई. पाणी मागत मेलेल्या माणसांची संख्या कोणी मोजली नाही.

हा प्रश्न विचारला गेला तो साथ इंग्लंडात पोहोचल्यावर. १८३१च्या ऑक्टोबरात संडरलंड बंदरात पटकी आली. डिसेंबरात बावीस वर्षांचा आयरिश डॉक्टर विल्यम ब्रूक ओशॉनेसी तिथल्या भागात गेला आणि त्याने रोग्यांच्या रक्ताचे रासायनिक पृथक्करण केले. त्याचा निष्कर्ष सरळ होता : रक्तातले पाणी मोठ्या प्रमाणात कमी झाले आहे, क्षारही कमी झाले आहेत, आणि ते दोन्ही रोग्याच्या विष्ठेत सापडतात. तेव्हा जे गेले ते परत दिले पाहिजे. पुढच्याच वर्षी, मे १८३२मध्ये, स्कॉटलंडच्या लीथ गावात डॉ. टॉमस लाट्टा याने हे करून दाखवले. मरणाच्या दारात असलेल्या रोग्यांच्या शिरेत त्याने क्षारमिश्रित पाणी सोडले. काही रोगी अक्षरशः उठून बसले, पण थोड्या वेळाने जुलाबांतून पाणी पुन्हा गेले आणि पुष्कळसे दगावले. पाणी एकदा देऊन भागत नाही, जेवढे जाईल तेवढे देत राहावे लागते, हे पुरते उमगायच्या आत साथ ओसरली, लाट्टा १८३३ साली वारला आणि ही पद्धत मागे पडली. ओशॉनेसी पुढे कलकत्त्याला आला, तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकवू लागला आणि नंतर हिंदुस्थानात तारायंत्राचे जाळे उभारणारा अधिकारी म्हणून प्रसिद्ध झाला. पटकीच्या रक्ताचे गणित सोडवणारा माणूस पटकीच्या देशात प्रसिद्ध झाला तो तारा टाकण्यासाठी, हा इतिहासाचा एक दैवदुर्विलास.

गुठळीला नाव मिळाले

ओशॉनेसीने पाहिलेले दाट रक्त शरीरात कुठे अडकते, याची दुसरी वाट याच सुमारास युरोपात शोधली जात होती. पॅरिसचे डॉ. पियेर रेये यांनी मूत्रपिंडाच्या रोगांवर लिहिलेल्या ग्रंथात १८४०च्या सुमारास मूत्रपिंडाच्या शिरेत झालेल्या गुठळीचे आणि लघवीतून जाणाऱ्या प्रथिनांचे नाते नोंदवले. १८५६ साली जर्मनीत रुडॉल्फ फिर्शो यांनी गुठळ्यांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे त्याच्या आधारे वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना तीन कारणे शिकवली जाऊ लागली : रक्त संथ होणे, रक्तवाहिनीच्या भिंतीला इजा होणे आणि रक्ताचा स्वभाव गोठण्याकडे झुकणे. सुकलेल्या बाळाच्या मूत्रपिंडात यांतली निदान दोन कारणे एकत्र येतात, आणि संसर्गाच्या दाहामुळे पुष्कळदा तिसरेही.

ते कसे, हे थोडक्यात समजून घेऊ. निरोगी माणसाच्या हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा साधारण पाचवा हिस्सा मूत्रपिंडांकडे जातो. पाणी कमी पडले की शरीर मेंदू आणि हृदय वाचवण्यासाठी मूत्रपिंडांकडचा प्रवाह आवळते. शिवाय मूत्रपिंडाची रचना इतर अवयवांहून वेगळी आहे. इतरत्र रक्त केशवाहिन्यांच्या एका जाळ्यातून जाते. इथे ते एकामागून एक अशा दोन जाळ्यांतून जाते. पहिल्या जाळ्यात रक्त गाळले जाते, म्हणजे त्यातले पाणी काढून घेतले जाते. त्यामुळे दुसऱ्या जाळ्याकडे निघालेले रक्त आधीपेक्षा दाट आणि कमी दाबाचे असते. एरवी यात काही बिघडत नाही. पण शरीर आधीच सुकलेले असेल तर सर्वांत दाट आणि सर्वांत संथ रक्त मूत्रपिंडातल्या बारीक शिरांत जमते. मिठागरात एका खाचरातून दुसऱ्यात सरकताना पाणी जड होत जाते, तसाच हा प्रकार. तान्ह्या बाळाचा रक्तदाब मुळातच कमी आणि शिरा बारीक, म्हणून धोका त्यालाच सर्वाधिक.

गुठळी बहुधा या बारीक शिरांत सुरू होते आणि बाहेरच्या मोठ्या शिरेकडे वाढत जाते. धमनीतून रक्त आत येत राहते, बाहेर पडायची वाट मात्र बंद. मूत्रपिंड सुजून टणक होते, इतके की बाळाच्या कुशीत हाताला गोळा लागावा. लघवी लाल होते किंवा थांबते. गुठळीत खर्ची पडल्यामुळे रक्तातल्या बिंबिका कमी होतात. नवजात बाळांत डाव्या बाजूला हे अधिक आढळते. डावी शीर लांब असते आणि महाधमनीच्या पुढून आडवी जाते.

ध्वनिलहरींनी पोटातले चित्र पाहण्याची सोय होण्यापूर्वी ही गुठळी दोनच ठिकाणी दिसे : शस्त्रक्रियेच्या टेबलावर किंवा शवविच्छेदनात. १९४२ साली अमेरिकी मूत्रविकारतज्ज्ञ मेरेडिथ कॅम्पबेल यांनी एका सहकाऱ्यासह दोन मुलग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. एक तेरा दिवसांचा, दुसरा तेहेतीस दिवसांचा. दोघांचेही गुठळी झालेले मूत्रपिंड काढून टाकले आणि दोघेही वाचले. त्या काळी हा मोठा पराक्रम होता, आणि पुढे बराच काळ मूत्रपिंड काढणे हाच उपाय मानला गेला. आज तसे करत नाहीत. पाणी आणि क्षारांचे संतुलन आधी सावरायचे, गरज पडली तर रक्त पातळ ठेवणारे हेपॅरिन द्यायचे, दोन्ही मूत्रपिंडे अडली असतील तर गुठळी विरघळवणारे औषध विचारात घ्यायचे, हा आजचा क्रम आहे. वाचलेल्या मुलांचे ते मूत्रपिंड पुढे आक्रसू शकते आणि रक्तदाब वाढू शकतो, म्हणून वर्षानुवर्षे लक्ष ठेवावे लागते. सुरी मागे पडली आणि पाणी पुढे आले, असे या शंभरेक वर्षांचे सार सांगता येईल.

इथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. रक्ती हगवणीनंतरही मुलांची मूत्रपिंडे बंद पडतात, पण त्याची वाट वेगळी आहे. जपानी शास्त्रज्ञ कियोशी शिगा यांनी १८९७ साली शोधलेला जंतू आणि ई-कोलायचे काही प्रकार एक विष तयार करतात. ते मूत्रपिंडातल्या सूक्ष्म वाहिन्यांच्या अस्तराला इजा करते आणि तिथे बारीक गुठळ्या होतात. या विकाराला १९५५ साली स्वित्झर्लंडमध्ये नाव मिळाले. तिथे दोष विषाचा आहे. आपल्या विषयातली गुठळी मोठ्या शिरेची आहे आणि तिचा मुख्य दोष तहानेचा आहे. विषाला आवर घालणे कठीण, तहानेला आवर घालणे शक्य. म्हणूनच तिचा इतिहास सांगण्यासारखा आहे.

कलकत्ता आणि बनगाव

लाट्टाची विस्मृतीत गेलेली पद्धत विसाव्या शतकाच्या आरंभी पुन्हा उभी राहिली ती कलकत्त्यात. लिओनार्ड रॉजर्स यांनी पटकीच्या रोग्यांना शिरेवाटे अधिक क्षारांचे सलाइन द्यायला सुरुवात केली आणि जिथे शंभरात साठ रोगी दगावत, तिथे तीसच्या आसपास दगावू लागले. पण वाचलेल्यांपैकी काही पुढे लघवी बंद पडून मरत. पटकी संपली, मूत्रपिंडे मात्र सुरू झाली नाहीत. रॉजर्सने सलाइनमध्ये सोड्याची जोड दिली, तेव्हा हे मृत्यूही घटले. आतड्याच्या आजाराचा शेवट मूत्रपिंडात होतो, हे त्या वॉर्डांत रोज दिसत होते.

सलाइनला मात्र सुई, निर्जंतुक पाणी आणि शिकलेला हात लागतो. पटकी जिथे असते तिथे हे तिन्ही नसते. १९५३ साली कलकत्त्याचे डॉ. हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांनी १८६ रोग्यांना तोंडावाटे मीठ-साखरेचे पाणी देऊन बरे केल्याचे 'लॅन्सेट'मध्ये लिहिले. त्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. १९५९मध्ये कलकत्त्याच्याच शंभुनाथ डे यांनी दाखवून दिले, की पटकीचा जंतू आतडे कुरतडत नाही, तो सोडत असलेले विष आतड्याला पाणी ओतायला लावते. आतडे शाबूत असेल तर ते पाणी शोषूही शकेल, असा याचा अर्थ. १९६०च्या ऑगस्टमध्ये प्राग येथे रॉबर्ट क्रेन यांनी साखर आणि सोडियम आतड्याच्या पेशीत जोडीने शिरतात हे मांडले. जोडी आत गेली की पाणी मागोमाग जाते. १९६८ साली ढाक्यात डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश यांनी रोग्यांवर हे सिद्ध केले.

कसोटी लागली ती १९७१मध्ये. बांगलादेशच्या मुक्तिसंग्रामात लाखो निर्वासित सीमा ओलांडून आले. बनगावच्या रुग्णालयात पटकीचे रोगी जमिनीवर, स्वतःच्याच उलट्या-जुलाबांत पडलेले होते. सलाइनच्या बाटल्या संपत आल्या. डॉ. दिलीप महालनोबीस यांनी मग कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत पुड्या भरून घेतल्या : लिटरभर पाण्यासाठी २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम खायचे मीठ आणि अडीच ग्रॅम खायचा सोडा. पिंपात पाणी, पिंपाला तोटी, आणि रोग्याच्या उशाशी आई, बहीण, भाऊ. पाजण्याचे काम त्यांनी केले. शंभरात तीस रोगी जात, तिथे चारही जाईनात : प्रमाण ३.६ टक्क्यांवर आले. १९७८ साली 'लॅन्सेट'ने संपादकीयात याला त्या शतकातला कदाचित सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध म्हटले. महालनोबीस १६ ऑक्टोबर २०२२ रोजी वारले. पद्मविभूषण त्यांना २०२३मध्ये, मरणोत्तर मिळाले.

साडेतीन ग्रॅम मीठ म्हणजे समुद्राच्या लिटरभर पाण्यातल्या क्षारांचा दहावा भाग. भाईंदरच्या आगरात उन्हात मागे राहणारी ती वस्तू चिमटीने मोजून परत पाण्यात घातली, एवढाच हा शोध. मराठीत त्याला 'जलसंजीवनी' हे नाव मिळाले आणि ते रुजले. १९८०च्या सुमारास जगात दरवर्षी पाच वर्षांखालची सुमारे ४५ लाख मुले जुलाबांनी मरत, असा अंदाज होता. आज हा आकडा साडेचार लाखांच्या आसपास आहे. स्वच्छ पाणी, लस, पोषण यांचा त्यात वाटा आहेच. मूत्रपिंडाच्या शिरेत गुठळी न झालेली किती मुले यात आहेत, हे कोणालाच मोजता येणार नाही. न घडलेल्या आजाराची नोंदवही नसते. पण चंडीगढच्या पीजीआय संस्थेत डॉ. किरपाल सिंग चुघ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५पासूनच्या दोन दशकांतल्या मूत्रपिंड अचानक बंद पडलेल्या रोग्यांची तुलना केली, तेव्हा जुलाबांमुळे आलेल्या रोग्यांचे प्रमाण बरेच उतरलेले दिसले. न घडलेल्या गोष्टीची सावली पडते ती अशी.

मीठ जास्त झाले तर

ही कथा इथे संपवली तर ती अपुरी राहील, कारण मीठ दुधारी आहे. पाण्यापेक्षा मीठ जास्त झाले की ते पेशींतले पाणी बाहेर ओढते. अशा क्षाराधिक्याच्या सुकण्यात बाळ वरून फार सुकलेले दिसत नाही, कातडी पिठासारखी लागते आणि आत मात्र मेंदूतल्या व मूत्रपिंडातल्या शिरांत गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. १९७०च्या दशकात ब्रिटनमध्ये भुकटीचे दूध दाट कालवून पाजलेल्या बाळांत क्षार वाढल्याची उदाहरणे आढळली आणि तिथे दुधाच्या भुकट्यांचे घटक बदलले गेले. आपल्याकडे लिटरभर पाण्याची पुडी पेलाभर पाण्यात कालवली तर हेच घडू शकते. औषध जास्त तेवढा गुण जास्त, हा समज इथे जिवावर बेतणारा आहे. २००२ साली जागतिक आरोग्य संघटनेने पुडीतले मीठ साडेतीनवरून २.६ ग्रॅमवर आणि ग्लुकोज साडेतेरा ग्रॅमवर आणले, ते जुलाब आणि उलट्या कमी व्हाव्यात आणि सलाइनची गरज कमी पडावी म्हणून. २००४पासून त्याला जस्ताच्या गोळीची जोड मिळाली : सहा महिन्यांखाली रोज १० मिलिग्रॅम, त्यावर २० मिलिग्रॅम, दहा ते चौदा दिवस.

उलट बाजूला साखर जास्त झाली तरी बिघडते. गोड पेये आतड्यात पाणी ओढतात आणि जुलाब वाढवतात. जलसंजीवनीचे नाव लावून विकली जाणारी फळांच्या चवीची पेये हा त्यातलाच प्रकार. ऑक्टोबर २०२५मध्ये देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने प्रमाणित सूत्र नसलेल्या पेयांच्या नावात 'ओआरएस' ही अक्षरे वापरायला मनाई केली. त्यामागे एका बालरोगतज्ज्ञ बाईंचा कित्येक वर्षांचा पाठपुरावा होता. घरी करायचे झाले तर माप सोपे आहे : एक लिटर उकळून गार केलेले पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चव अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये, असे आरोग्यसेविका सांगतात. अंगावरचे दूध मात्र कधीही थांबवायचे नाही.

आता लसीचाही आधार आहे. तान्ह्या मुलांना सुकवणाऱ्या रोटा विषाणूचा शोध १९७३ साली मेलबर्नमध्ये रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लावला. दिल्लीच्या एम्समध्ये १९८०च्या दशकात नवजात बाळांत सापडलेल्या सौम्य प्रकारावरून भारतीय लस तयार झाली. रोटा विषाणूविरुद्धची लस महाराष्ट्राच्या नियमित लसीकरणात २०१९मध्ये आली.

खाडीचे तोंड

पुन्हा भाईंदरला येऊ. १९८५ साली भाईंदरसह काही गावे एकत्र करून नगरपालिका झाली, २००२मध्ये महापालिका. १९९१च्या जनगणनेत पावणेदोन लाख असलेली वस्ती २००१मध्ये सव्वापाच लाखांच्या घरात आणि २०११मध्ये आठ लाखांवर गेली. एवढ्या माणसांना पुरेल असे गोडे पाणी या जमिनीत नाही. उल्हास नदी जिथे खाडी होऊन समुद्राला मिळते, त्या तोंडावर हे शहर आहे. तिथे नदीचे पाणी खारे झालेले असते. म्हणून तेच पाणी वरच्या अंगाला शहाडजवळ उचलून, शुद्ध करून नळाने इथवर आणावे लागते. जे पाणी नदीतून आले असते ते नळातून येते, आणि थांबून थांबून येते. नळात पाणी नसते तेव्हा फुटक्या जोडातून बाहेरची घाण आत ओढली जाते, हे पाणीपुरवठ्याच्या शास्त्रातले जुने सत्य आहे. साठवणीची टाकी, ड्रम, हंडा, त्यात बुडणारा हात, प्रत्येक टप्पा आतड्याच्या संसर्गाला एक संधी देतो. पटकीचा गाडा शिवेबाहेर नेता येत असे, पाइपलाइनला शीव नसते.

म्हणून मूत्रपिंडाच्या शिरेतली गुठळी ही फक्त मोठ्या रुग्णालयातल्या तज्ज्ञाची बाब नाही. ती तिथे पोहोचते तेव्हा बरेच काही हातातून गेलेले असते. तिचा निर्णय त्याआधी, घरात, पहिल्या काही तासांत होतो. 'पाणी पाजले की जुलाब वाढतात', 'दात येताना असे होतेच', 'उलटी होते तर देऊन काय उपयोग', या तीन वाक्यांनी कित्येक बाळे सुकली आहेत. यांतले पहिले वाक्य तर १८१८च्या डॉक्टरांचेच आहे. घरातल्या आजीला दोष देण्याआधी हे आठवावे, की पाणी तोडण्याचा सल्ला पुस्तकी वैद्यकानेही दिला होता, आणि त्याच्या अडीचशे वर्षे आधी इथल्या कोणा आजीने मोडशीच्या रोग्याला पेज पाजल्याची नोंद एका परदेशी वैद्याने केली होती.

उलटी झाली तर दहा मिनिटे थांबायचे आणि पुन्हा चमच्या-चमच्याने सुरू करायचे. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबामागे ५० ते १०० मिलिलिटर, म्हणजे चहाचा अर्धा ते एक छोटा कप. बाळ सुस्तावले, पिईनासे झाले, सहा तासांत लघवी झाली नाही, लघवी लाल दिसली किंवा कुशीत गोळा लागला, तर घरी न थांबता रुग्णालय गाठायचे. यातले पहिले काम कोणीही करू शकते. त्यासाठी लागणारे मीठ तर खाडीकाठच्या या आगरांनी पिढ्यान् पिढ्या पिकवले आहे. प्रश्न चिमूटभराचा आहे, आणि ते वेळेवर पाण्यात पडण्याचा.